वंगणाची वात

देवघरातल्या समईत तेल असते आणि वात असते. ज्योत कोठे असते? वातीच्या टोकाशी. समईच्या वाटीतले तेल शांत पडून असते, त्याला ज्योत शिवतही नाही. पेटती काडी त्या तेलात बुडवली, तर तेल पेटण्याऐवजी काडीच विझते. मग तेच तेल वातीतून वर चढले की का जळते?

प्रश्न साधा आहे. पण त्याच्या उत्तराकडे दुर्लक्ष झाले म्हणून १९८७ साली लंडनमध्ये ३१ माणसे मृत्युमुखी पडली. तेथले तेल होते यंत्राला लावलेल्या ग्रीजमधले, आणि वात झाली होती केरकचऱ्याची. ग्रीज का पेटते आणि ते सहजासहजी पेटू नये म्हणून काय करतात, हे या लेखात पाहू.

ग्रीज म्हणजे काय?

बैलगाडीच्या आसाला घालायचे काळे वंगण तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. आस आणि चाक यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असला की घर्षण कमी होते. पण नुसते तेल ओघळून जाते. ते जागेवर टिकून राहावे म्हणून त्याला दाट करावे लागते. दाट केलेले तेल म्हणजेच ग्रीज.

ग्रीजमध्ये तीन घटक असतात. पहिला तेल; वजनाच्या मानाने हाच सर्वांत मोठा, बहुधा ७० ते ९५ टक्के. दुसरा तेलाला दाटपणा आणणारा पदार्थ; त्याला आपण दाटक म्हणू. तिसरा म्हणजे गंज, झीज वगैरे टाळण्यासाठी थोड्या प्रमाणात घातलेली पूरक द्रव्ये. दाटक म्हणून बहुतेक वेळा एखाद्या धातूचा साबण वापरतात. साबण म्हटल्यावर आपल्याला सोडियमचा, अंगाला लावायचा साबण आठवतो. पण लिथियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम यांचेही साबण होतात. या साबणाच्या अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे तयार होते आणि त्या जाळ्यात तेल अडकून राहते. पाणी प्यालेला स्पंज डोळ्यांपुढे आणा. स्पंज दाबला की पाणी सुटते, तसे बेअरिंगमध्ये दाब आणि हालचाल होताच ग्रीजमधून थोडे थोडे तेल सुटते आणि वंगणाचे काम करते.

लिथियमच्या ग्रीजचे पेटंट अमेरिकेत क्लॅरेन्स अर्ल यांना १९४२ साली मिळाले. आज जगात बनणाऱ्या ग्रीजपैकी मोठा भाग लिथियमच्या साबणाचा असतो. त्यासाठी लागणारे १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल एरंडेल तेलापासून काढतात, आणि एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. त्यातही गुजरातचा वाटा सर्वांत मोठा. 'ओसाड गावी एरंड बळी' असे आपण थट्टेने म्हणतो खरे, पण यंत्रांच्या गावात एरंडाला खरोखरीचा मान आहे!

पेटते ते नेमके काय?

तेल द्रवरूपात जळत नाही. जळते ती त्याची बाष्पे. तेल तापले की पृष्ठभागावरून बाष्प निघते, ते हवेतल्या ऑक्सिजनमध्ये मिसळते, आणि मिश्रण पुरेसे झाले की ज्योत पकडते. म्हणून तेलाची तीन तापमाने महत्त्वाची मानतात.

तेल हळूहळू तापवत नेऊन त्यावरून मधूनमधून बारीक ज्योत फिरवली, तर एका तापमानाला क्षणभर भपका उडतो आणि लगेच विझतो. याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. आणखी काही अंश वर गेल्यावर लागलेली ज्योत टिकून राहते. हा फायर पॉइंट. याहून बरेच वर एक तापमान असे येते, की तेथे ज्योतीची किंवा ठिणगीची गरजच उरत नाही. बाष्प आपोआप पेट घेते. हे स्वयंप्रज्वलनाचे तापमान. साध्या खनिज वंगण-तेलाचा फ्लॅश पॉइंट साधारण २०० अंश सें. किंवा त्याहून थोडा वर असतो, तर स्वयंप्रज्वलन ३०० अंशांच्या पुढे केव्हातरी होते.

आता थोडे गणित करू. तेलाची विशिष्ट उष्णता सुमारे २ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश धरा. ३० अंशांवरचे १०० ग्रॅम तेल २३० अंशांपर्यंत न्यायचे, तर

१०० × २ × २०० = ४०,००० ज्यूल

उष्णता लागेल. एक आगकाडी पुरी जळली तर साधारण १,००० ज्यूल उष्णता देते, आणि त्यातलीही बरीच हवेत जाते. काडी तेलात बुडून का विझते ते आता कळले ना? तिची उष्णता सगळ्या तेलात पसरून वाया जाते.

आता तेच तेल एका कापसाच्या धाग्यावर घ्या. त्याच्या टोकाशी तेल असेल ०.०१ ग्रॅम. ते तापवायला लागतील फक्त

०.०१ × २ × २०० = ४ ज्यूल.

काडीच्या ज्योतीला हे सहज जमते. शिवाय धागा उष्णतेचा मंद वाहक, त्यामुळे दिलेली उष्णता टोकाशीच साठते. धाग्याभोवती हवा मोकळी खेळते. आणि टोकाचे तेल जळून गेले की केशाकर्षणाने खालचे तेल वर येतेच. वातीचे सारे रहस्य एवढेच आहे: तेल थोडे, पृष्ठभाग मोठा, हवा भरपूर आणि पुरवठा अखंड.

एक किलोग्रॅम तेल जळले तर सुमारे ४२,००० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ते तापवून पेटण्याजोगे करायला मात्र आपल्या हिशेबाने सुमारे ४०० किलोज्यूलच पुरतात. म्हणजे एकदा आग लागली की ती स्वतःच्या कमाईचा शंभरावा हिस्सा खर्चून पुढचे तेल पेटवू शकते. म्हणून आगीशी खरी झुंज द्यायची ती सुरुवातीलाच.

किंग्ज क्रॉस, १८ नोव्हेंबर १९८७

लंडनच्या भुयारी रेल्वेचे किंग्ज क्रॉस हे एक गजबजलेले स्थानक. तेथे खोलवरच्या फलाटांवरून वर येण्यासाठी सरकते जिने होते. त्यांतल्या एका जुन्या जिन्याच्या पायऱ्या आणि बाजूच्या फळ्या लाकडी होत्या. पायऱ्यांची चाके ज्या रुळांवरून धावत, त्या रुळांना ग्रीज लावलेले असे. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास या जिन्याखाली आग दिसली. पंधरा मिनिटे ती लहानच वाटत होती. पावणेआठला मात्र एकाएकी आगीचा लोळ जिन्यावरून तिकीटघराच्या दालनात घुसला. ३१ जण मरण पावले. त्यांत अग्निशामक दलाचा एक अधिकारीही होता.

डेस्मंड फेनेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. भुयारी स्थानकांत धूम्रपानाला १९८५ पासूनच बंदी होती. पण बाहेर पडता पडता, जिन्यावरच सिगारेट पेटवणारे लोक होते. अशीच एक जळती काडी पायरी आणि बाजूची फळी यांच्यामधल्या फटीतून खाली रुळावर पडली असावी, असा निष्कर्ष निघाला.

पण काडीने ग्रीज पेटेल कसे? आपले वरचे गणित तर नाही म्हणते. तज्ज्ञांनाही ते ग्रीज पेटायला अवघड आणि जळायला मंद वाटत होते. रुळांची पाहणी केली तेव्हा कोडे उलगडले. रुळ नियमितपणे स्वच्छ केलेले नव्हते. प्रवाशांच्या कपड्यांचे तंतू, केस, कागदाचे कपटे, धूळ असे काय काय त्या चिकट ग्रीजवर बसले होते आणि त्यात मुरले होते. तेथे नुसते ग्रीज उरलेच नव्हते, लांबच लांब वात तयार झाली होती. प्रत्यक्ष त्याच जिन्यावर पेटत्या काड्या टाकून पाहिल्या, तेव्हा हे मिश्रण पेटले आणि आग पसरू लागली.

पुढचा भाग भौतिकीच्या दृष्टीने मोठा विलक्षण आहे. ज्वाला उभी वर जाते असा आपला अनुभव. पण हा जिना ३० अंशांनी कललेला आणि दोन्ही बाजूंनी फळ्यांनी बंदिस्त, म्हणजे एखाद्या तिरप्या चरासारखा होता. अशा चरात बाजूंनी हवा येऊ शकत नाही. खालून वर वाहणारी हवा ज्वाळेला चराच्या तळाशी दाबून धरते. आडवी झालेली ज्वाला वरच्या पायऱ्यांना चाटत जाते, त्या तापतात, त्यांतून ज्वलनशील वायू निघतात आणि सगळा चर जवळजवळ एकदम पेटतो. हार्वेल येथे संगणकावर हे गणित केले, तेव्हा ज्वाला आडव्या झालेल्या पाहून तज्ज्ञांचा विश्वास बसेना. पुढे जिन्याची लहान प्रतिकृती करून ती प्रत्यक्ष पेटवली आणि गणित खरे ठरले. याला 'चर-परिणाम' असे नाव मिळाले.

ग्रीजचा वाटा या दुर्घटनेत पहिल्या काही मिनिटांचाच होता. पुढे लाकडाने आणि रंगाच्या थरांनी काम केले. पण पहिली मिनिटे नसती, तर पुढचे काहीच झाले नसते.

ग्रीजची आगीशी रोजची गाठ

सरकत्या जिन्यावर आग चुकून आली. काही कारखान्यांत ती रोजचीच शेजारीण असते. पोलाद कारखान्यात वितळलेले पोलाद ओतून त्याची सलग लादी करतात. ही लालबुंद लादी रुळांवरून पुढे सरकते. या शेकडो रुळांच्या बेअरिंगांना नळ्यांतून सतत ग्रीज पुरवले जाते. जास्तीचे ग्रीज बाहेर येऊन साचते आणि वरून तप्त लोखंडाचे कपचे उडत असतात. कोळशाच्या खाणीत वाहक पट्ट्याचा एखादा रूळ अडकला, तर पट्ट्याच्या घर्षणाने तो तापत जातो, आणि भोवती कोळशाची भुकटी असते. आपल्याकडे विदर्भ-खानदेशातल्या जिनिंग कारखान्यांत हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. ते ग्रीज लागलेल्या प्रत्येक भागावर जाऊन बसतात. तेथे काय तयार होते, हे आता सांगायला नको!

पेट घेण्याला विरोध कसा वाढवायचा?

पहिला उपाय म्हणजे तेलच बदलायचे. ग्रीजमध्ये मोठा वाटा तेलाचा, म्हणून फरकही येथेच मोठा पडतो. वनस्पतितेले आणि त्यांच्यासारखी कृत्रिम एस्टर तेले यांचा फ्लॅश पॉइंट ३०० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे खनिज तेलापेक्षा कितीतरी वर. पण वनस्पतितेल उष्णतेत हवेशी संयोग पावून लवकर चिकट होते. सिलिकोन तेल उष्णतेला चांगले टिकते, पण पोलादावर पोलाद जोरात घासत असेल तेथे त्याचे वंगण कमी पडते. हायड्रोजनच्या जागी सर्वत्र फ्लोरिन असलेली काही तेले तर व्यवहारात जळतच नाहीत. ऑक्सिजनच्या उपकरणांत ही वापरतात. ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या तोटीला साधे तेल किंवा ग्रीज कधीही लावायचे नसते, कारण शुद्ध, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते भडकते. मात्र फ्लोरिनयुक्त ग्रीजची किंमत साध्या ग्रीजच्या कित्येक पट असते. बैलगाडीला अत्तर चोळावे, तशातली गत.

दुसरा उपाय दाटकाचा. तापल्यावर साबणाचे जाळे मोडते आणि ग्रीज पातळ होऊन थेंब पडू लागतात. त्या तापमानाला थेंबबिंदू म्हणू. साध्या लिथियम ग्रीजचा थेंबबिंदू १९० अंशांच्या आसपास असतो. लिथियम-कॉम्प्लेक्स प्रकारात तो २५० च्या वर जातो. बेंटोनाइट नावाच्या मातीने दाट केलेले ग्रीज तर वितळतच नाही. पेटते थेंब गळून आग खालच्या मजल्यावर जाऊ नये, यासाठी थेंबबिंदू उंच असणे चांगले. पण येथे अनेकांची गल्लत होते. थेंबबिंदू ३०० अंश आहे म्हणून ग्रीज त्या तापमानाला सुरक्षित, असे नव्हे! जाळे शाबूत असले तरी आतल्या तेलाचा फ्लॅश पॉइंट दाटकामुळे फारसा बदलत नाही. दिव्यातली वात जळून जात नाही, म्हणून तिच्यातले तेल जळायचे थांबते का?

तिसरा उपाय ज्वालारोधक द्रव्ये मिसळण्याचा. यांच्या कामाच्या तऱ्हा निरनिराळ्या. काही द्रव्ये उष्णता गिळतात. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची बारीक पूड सुमारे २०० अंशांपर्यंत जशीच्या तशी राहते. त्याच्या पुढे तिचे विघटन होते:

२ ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड → ॲल्युमिनियम ऑक्साइड + ३ पाणी

अणुभार घेऊन हिशेब करा: १५६ ग्रॅम पुडीतून ५४ ग्रॅम पाणी, म्हणजे सुमारे ३५ टक्के. या विघटनात आणि पाण्याची वाफ होण्यात मिळून दर ग्रॅमला साधारण १,२०० ज्यूल उष्णता खर्ची पडते. निघालेली वाफ तेलाच्या बाष्पाला आणि ऑक्सिजनला विरळ करते, हा आणखी फायदा. समजा १०० ग्रॅम ग्रीजमध्ये ३० ग्रॅम अशी पूड आहे. उरलेले ७० ग्रॅम तेलच धरले, तर ते २३० अंशांवर न्यायला २८,००० ज्यूल लागतात. पूड आणखी सुमारे ३६,००० ज्यूल गिळते. पेटण्यासाठी लागणारी उष्णता दुपटीहून अधिक झाली! पण तेच ७० ग्रॅम तेल पुरते जळले, तर जवळजवळ ३० लाख ज्यूल निघतील. त्यापुढे ३६ हजारांचा पाड काय लागणार? म्हणजे अशी पूड ठिणगीला थोपवील, वणव्याला नाही.

काही द्रव्ये ज्वाळेच्या रसायनातच हात घालतात. ज्वाळेत हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल यांचे अतिक्रियाशील मूलक एकापाठोपाठ एक तयार होऊन क्रिया चालू ठेवतात. क्लोरिन किंवा ब्रोमिनची संयुगे ही साखळी तोडतात. अँटिमनी ऑक्साइडची जोड दिली की ती जास्त प्रभावी होतात. फॉस्फरसची काही संयुगे पृष्ठभागावर कोळशाचे आवरण धरण्यास मदत करतात आणि खालच्या तेलाला हवेपासून तोडतात.

प्रत्येक उपायाची किंमत असते. पूड जास्त झाली की ग्रीज घट्ट होते आणि लांब, बारीक नळ्यांतून नीट पुढे सरकत नाही. बेअरिंगला ग्रीज पोचलेच नाही, तर ते कोरडे फिरून तापेल आणि आपणच आगीला आमंत्रण दिल्यासारखे होईल.

आगीवर औषध, माणसाला विष?

येथे इतिहासातले दोन धडे सांगितलेच पाहिजेत. पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल ही क्लोरिनयुक्त द्रव्ये सहज पेटत नाहीत, म्हणून ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि दाबयंत्रांच्या द्रवांत त्यांचा सर्रास वापर झाला. पुढे असे आढळले, की ती निसर्गात वर्षानुवर्षे नाश पावत नाहीत आणि प्राण्यांच्या चरबीत साठत जातात. अमेरिकेने १९७९ मध्ये त्यांच्या उत्पादनावर बंदी घातली. ग्रीज आणि कटिंग तेलांत वापरली जाणारी लघुशृंखल क्लोरिनेटेड पॅराफिनेही २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या वर्ज्य यादीत गेली.

दुसरा धडा १९५९ सालचा, मोरोक्को देशातला. विमानाच्या इंजिनाचे वंगण-तेल खाद्यतेलात भेसळ करून विकले गेले. त्या वंगणात क्रेसिल फॉस्फेट होते. सुमारे दहा हजार माणसांचे हातपाय लुळे पडले. म्हणून वंगणाचे डबे कितीही स्वच्छ धुतले, तरी ते खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी कधीही वापरू नयेत. आपल्या घरोघरी रिकामा डबा टाकवत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

परीक्षा कशी घेतात?

तेलाचा फ्लॅश पॉइंट उघड्या धातूच्या वाटीत तेल तापवून, त्यावरून ज्योत फिरवून काढतात. पण किंग्ज क्रॉसने दाखवून दिले, की वाटीतले तेल एक आणि तंतूवरचे तेल दुसरे. अमेरिकेत खाणींत वापरायच्या दाबयंत्रांच्या द्रवांसाठी एक सुरेख परीक्षा आहे. तंबाखूचा पाइप साफ करायची लवदार तार द्रवात भिजवतात आणि ती ज्योतीतून पुन्हा पुन्हा नेतात. किती फेऱ्यांनंतर ती पेटते, ते मोजतात. म्हणजे मुद्दाम वात करूनच परीक्षा! ग्रीजच्या बाबतीत पत्र्यावर थर पसरून त्यावर ज्योत धरतात किंवा तापलेला पोलादी गोळा ठेवतात. पेट घ्यायला किती वेळ लागला आणि ज्योत काढल्यावर आग आपोआप विझली का, हे पाहतात.

या सर्व परीक्षांत उत्तीर्ण झालेल्या ग्रीजलाही 'अग्निरोधक' म्हणतात, 'अज्वलनशील' नव्हे. ते उशिरा पेटते, सावकाश जळते, ज्योत दूर झाली की विझू पाहते. पुरेशी उष्णता मिळाली तर तेही जळतेच.

म्हणून चौथा उपाय सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त: हवे तेवढेच ग्रीज घाला, बाहेर आलेले पुसून काढा आणि त्यावर केर बसू देऊ नका. पुसलेल्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका. बेअरिंग नेहमीपेक्षा गरम लागते आहे का, आवाज बदलला आहे का, याकडे लक्ष ठेवा.

तुम्ही करून पाहा

हे प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, शेजारी वाळूची बादली ठेवूनच करा. तेल कधीही तापवू नका.

१. धातूच्या झाकणात दोन चमचे गोडेतेल घ्या. त्यात पेटती काडी टाका, ती विझेल. आता त्याच तेलात कापसाची वात भिजवून तिचे टोक काठावर आणा आणि पेटवा. तेलाचे तापमान तेच. बदलले काय, याची चर्चा करा.

२. कागदाच्या द्रोणात पाणी घेऊन तो मेणबत्तीच्या ज्योतीवर धरा. पाणी गरम होईल, पण कागद जळणार नाही. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड ग्रीजमध्ये काय करते, हे या द्रोणावरून तुम्हांला सांगता येईल का?

३. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या विघटनात वजनाच्या किती टक्के पाणी निघेल? आवर्तसारणीवरून हिशेब करा. त्याचे विघटन ३०० अंशांच्या वर होते. मग ३२० अंशांना पेटणाऱ्या एस्टर तेलासाठी कोणती पूड अधिक योग्य, आणि २१० अंशांना पेटणाऱ्या खनिज तेलासाठी कोणती?

४. जवळच्या पिठाच्या गिरणीत किंवा सायकलच्या दुकानात जाऊन ग्रीज लावलेले भाग लांबूनच नीट पाहा. त्यावर काय काय बसले आहे त्याची यादी करा. त्या यादीतले कोणते पदार्थ वातीचे काम करू शकतील?